पापणीच्या घडीतून मेंदूकडे : आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कुलगुरूंना खुले पत्र

माननीय कुलगुरू,
महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, नाशिक यांस



पापण्या, अश्रुमार्ग आणि डोळ्याची खोबण यांच्या शस्त्रक्रिया करणे हे माझे काम. तरीही मेंदूच्या शस्त्रक्रियेविषयी आपल्याला लिहायला बसले आहे, कारण मेंदूकडे जाणारी एक नवी वाट थेट माझ्या कामाच्या जागेतून निघाली आहे. वरच्या पापणीच्या घडीत दोन-तीन सेंटिमीटरचा छेद घ्यायचा, डोळा अलगद बाजूला धरायचा, खोबणीच्या मागच्या भिंतीचे हाड ड्रिलने घासत काढायचे आणि दुर्बिणीतून पाहत कवटीच्या तळाशी दडलेल्या गाठीपर्यंत पोहोचायचे, अशी ही शस्त्रक्रिया आहे. सिएटल, सोल, पिसा, बार्सिलोना इथल्या रुग्णालयांत ती आता रुळली आहे. आपल्या देशातही काही ठिकाणी होऊ लागली आहे. विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत ती यायलाच हवी, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र ती देहदानातून मिळालेल्या शरीरावर आधी शिकली जावी, एकट्या न्यूरोसर्जरीने नव्हे तर तीन विभागांनी मिळून शिकली जावी, आणि तिच्या प्रत्येक रुग्णाचे पुढे काय झाले याची नोंद सर्वांना पाहता यावी. हे ठरवण्याचा अधिकार विद्यापीठाकडे आहे, म्हणून पत्र आपल्याला. ज्यांच्यावर ही शस्त्रक्रिया होणार आहे त्यांनाही वाचता यावे, म्हणून ते खुले.

या वाटेचा ज्यांना सर्वांत जास्त उपयोग होतो, ते रुग्ण बहुधा आधी आम्हा नेत्रतज्ज्ञांकडेच येतात. चाळिशी-पन्नाशीतली एखादी बाई येते. एक डोळा दुसऱ्यापेक्षा थोडा मोठा दिसतो, एवढीच तक्रार असते. घरच्यांनी ती जागरणावर ढकललेली असते. कुणी थायरॉईडची तपासणी करून घेतलेली असते, कारण डोळे पुढे येण्याचे ते सर्वांत परिचित कारण आहे. चष्म्याचा नंबर एकदा-दोनदा बदलून झालेला असतो. मी अशा वेळी जुना फोटो मागते. लग्नातला, मुलाच्या बारशातला, कोणताही चालतो. दोन फोटो शेजारी ठेवले की डोळा कधीपासून पुढे सरकतो आहे ते कळते. मग एका डोळ्यावर हात ठेवून लाल टोपणाचे पेन दाखवते. एका डोळ्याला लाल दिसणारे टोपण दुसऱ्या डोळ्याला विटकरी, मळकट दिसले, तर डोळ्यामागच्या नसेवर दाब आहे हे जवळजवळ नक्की. सीटी स्कॅनमध्ये खोबणीच्या बाहेरच्या भिंतीमागचे स्फेनॉइड नावाचे हाड जाड, सुजलेले दिसते. मेंदूच्या आवरणातून उगवलेली मेनिंजिओमा नावाची गाठ त्या हाडातही शिरलेली असते. ही गाठ बहुतेक वेळा कर्करोगाची नसते. ती सावकाश वाढते आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत जास्त आढळते. सावकाश वाढते म्हणूनच ती कुणाच्या लक्षात येत नाही. लक्षात येते तेव्हा दृष्टी उतरू लागलेली असते.

अशा गाठीसाठी आजवरचा राजमार्ग म्हणजे कानासमोरून केसांच्या रेषेमागे जाणारा मोठा छेद, कानशिलावरचा स्नायू हाडापासून सोडवणे, कवटीचा तुकडा काढणे आणि मेंदू हलकेच उचलून आत जाणे. झुरिचमध्ये गाझी याशारगिल यांनी सूक्ष्मदर्शकाखाली ही पद्धत इतकी घडवली की, जगभरच्या न्यूरोसर्जनांच्या दोन पिढ्या तीवर शिकल्या. ती आजही उत्तम आहे आणि अनेक गाठींसाठी तीच योग्य आहे. पण तिची किंमतही आहे. कानशिलाचा स्नायू पुढे सुकतो, तिथे खळगा पडतो, काहींना घास चावताना महिनोन् महिने दुखत राहते. आणि ज्या हाडात रोग आहे ते हाड डोळ्याच्या अगदी मागे असताना, तिथे पोहोचण्यासाठी निरोगी स्नायू, निरोगी कवटी आणि निरोगी मेंदू ओलांडून जावे लागते.

डोळ्याच्या खोबणीतून गेले तर हे ओलांडणे वाचते. खोबण नरसाळ्यासारखी असते, पुढे रुंद आणि मागे निमुळती. सात हाडांनी ती बनलेली आहे. तिच्यात सुमारे ३० मिलिलिटर जागा असते आणि त्यातली जेमतेम ७ मिलिलिटर डोळा व्यापतो. उरलेल्या जागेत चरबी, डोळा फिरवणारे स्नायू, नसा आणि रक्तवाहिन्या असतात. खोबणीच्या पातळ छतावर मेंदूचा पुढचा भाग टेकलेला असतो, तर बाहेरच्या भिंतीच्या मागल्या भागापलीकडे कानशिलाकडचा मेंदू. डोळ्यामागची नस, म्हणजे ऑप्टिक नर्व्ह, खोबणीत ताणलेली नसते. ती किंचित सैल, वळण घेत मागे जाते, आणि म्हणूनच डोळा थोडासा सरकवता येतो. आम्ही खोबणीत काम करणारे लोक आतल्या भिंतीवर मिलिमीटर मोजत शिकतो. पुढच्या कंगोऱ्यापासून सुमारे २४ मिलिमीटरवर एक धमनी, त्याच्या पुढे १२ वर दुसरी, आणि आणखी फक्त ६ वर ऑप्टिक नर्व्हचे भोक. व्यक्तीगणिक हे अंतर बदलते. शेवटच्या त्या सहा मिलिमीटरांमुळेच आमच्या विषयात घाई करणारा माणूस टिकत नाही.

वृत्तपत्रांत या शस्त्रक्रियेला ‘डोळ्यातून मेंदूचे ऑपरेशन’ म्हटलेले मी वाचले आहे. रुग्णांना त्याची भीती वाटते, आणि ते साहजिक आहे. डोळा उघडला जात नाही, त्याला छेद दिला जात नाही. वाट डोळ्याच्या शेजारून, हाडाला धरून जाते. छेद वरच्या पापणीच्या नैसर्गिक घडीत असतो. सैल पापण्यांच्या शस्त्रक्रियेत आम्ही वर्षानुवर्षे जिथे कापतो तीच ही जागा, आणि तिचा व्रण डोळा उघडा असताना दिसत नाही. पापणी उचलणाऱ्या स्नायूला धक्का न लावता खोबणीच्या वरच्या बाहेरच्या कडेपर्यंत जायचे. तिथून हाडावरचे पातळ आवरण सोडवत मागे सरकायचे, म्हणजे चरबी आणि स्नायू त्या आवरणाच्या आत सुरक्षित राहतात. डोळ्यावर सिलिकॉनची पातळ चकती ठेवून तो बाजूला धरायचा. मग ४ मिलिमीटर जाडीची दुर्बीण आत येते. एक सर्जन ती धरतो, दुसरा दोन्ही हातांनी काम करतो. खोबणीतल्या वरच्या आणि खालच्या दोन फटींमधला हाडाचा पट्टा, म्हणजे तेच रोगट स्फेनॉइड, डायमंड ड्रिलने पाणी सोडत घासला जातो. हाड गेले की मेंदूचे बाहेरचे आवरण, ड्यूरा, समोर दिसते.

इथून पुढचा टप्पा मला सर्वांत सुंदर वाटतो. वरच्या फटीच्या टोकाशी ड्यूराची एक छोटी पट्टी खोबणीला जोडलेली असते. ती कापली की ड्यूराचे दोन थर एकमेकांपासून सोलता येतात. ल्युब्लियानाचे विन्को डोलेंच यांनी कवटी उघडून केलेल्या शस्त्रक्रियांतून ही सोलण्याची पद्धत प्रस्थापित केली होती. आता तेच काम दुर्बिणीतून, समोरून करता येते. थर सुटत जातात तसा चेहऱ्याला संवेदना देणाऱ्या नसेचा गुच्छ ज्या पोकळीत असतो ती मेकेल्स केव्ह समोर येते. त्या नसेची गाठ तिथून काढता येते आणि सारा वेळ मेंदू आपल्या आवरणात झाकलेला, न उचललेला राहतो. पापणीचा छेद लहान राहतो हा रुग्णासाठी आनंदाचा भाग आहे. खरा लाभ मेंदूला हात न लागण्यात आहे.

नाकातून दुर्बिणीने पिट्युटरीची गाठ काढणे आपल्याकडे आता सवयीचे झाले आहे. पिट्सबर्गमध्ये १९९० च्या दशकात न्यूरोसर्जन हे-डाँग जो आणि कान-नाक-घसा तज्ज्ञ रिकार्डो कराऊ यांनी मिळून ती पद्धत उभी केली. पण नाकाची वाट मधल्या रेषेवरच्या रोगासाठी आहे. बाजूला जावे तर कॅरॉटिड धमनी आणि ऑप्टिक नर्व्ह आडव्या येतात. त्या दोघांच्या बाहेरच्या बाजूला खोबणीची वाट उघडते. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात क्रिस मो, क्रिस्टोफर बर्गरॉन आणि रिचर्ड एलेनबोगेन यांनी २०१० मध्ये या पद्धतीवरचा जो मूळ लेख लिहिला, त्यात १६ रुग्णांवरच्या २० शस्त्रक्रिया होत्या. मो हे चेहऱ्याच्या पुनर्रचनेचे आणि कान-नाक-घशाचे शल्यविशारद, एलेनबोगेन न्यूरोसर्जन. पिसामध्ये ही वाट पुढे नेणारे इयाकोपो डल्लान हेही कान-नाक-घसा विभागाचे. सोलमध्ये सॅमसंग मेडिकल सेंटरचे न्यूरोसर्जन दू-सिक कोंग यांनी खोबणीतून कवटीच्या तळाच्या कितीतरी अवघड गाठी काढल्या. ज्या विषयाचा जन्मच दोन-तीन विभागांच्या एकत्र बसण्यातून झाला, तो आपल्याकडे एकाच विभागाच्या मालकीचा होऊन आला तर आपण त्याचा अर्धाच भाग घेतला असे होईल.

काय जमत नाही तेही इथेच सांगते. गाठीने मोठ्या धमन्यांना विळखा घातला असेल, ती कानशिलाच्या स्नायूत किंवा मेंदूत दूरवर पसरली असेल, किंवा ऑप्टिक नर्व्हच्या आतल्या बाजूला असेल, तर एकटी ही वाट अपुरी आहे. मोठी धमनी फुटली तर या अरुंद जागेत ती आवरणे फार कठीण. ड्यूराला पडलेले भोक कवटी उघडून शिवता येते तसे इथे शिवता येत नाही. पोटाची किंवा मांडीची चरबी, कृत्रिम पडदा आणि जैविक गोंद यांनी ते बुजवावे लागते, आणि तरीही मेंदूतले पाणी झिरपण्याचा धोका उरतो. जगभरचे निकाल आश्वासक आहेत, पण ते बहुतांशी एकेका अनुभवी केंद्राने मागे वळून केलेल्या नोंदींवर उभे आहेत. उत्तम हातांचे निकाल वाचून नवख्या हातांना तेच निकाल मिळतील असे गृहीत धरता येत नाही.

आता एका जुन्या प्रसंगाकडे आपले लक्ष वेधते. खोबणीतून मेंदूकडे जाणारी वाट १९३७ मध्येच इटलीतील मनोविकारतज्ज्ञ अमारो फियाम्बेर्ती यांनी वापरून पाहिली होती. १७ जानेवारी १९४६ रोजी वॉशिंग्टनमध्ये वॉल्टर फ्रीमन यांनी तीच वाट मनोरुग्णांवरच्या लोबोटॉमीसाठी घेतली. विजेच्या झटक्याने रुग्णाला बेशुद्ध करायचे, बर्फ फोडण्याच्या टोच्यासारखे हत्यार पापणीखालून खोबणीच्या पातळ छतावर ठेवून हातोडीने आत ठोकायचे आणि मूठ हलवून मेंदूतले तंतू तोडायचे. आत काय तुटते आहे ते दिसण्याचा प्रश्नच नव्हता. फ्रीमन मज्जाविकारतज्ज्ञ होते, शल्यचिकित्सेचे शिक्षण त्यांनी घेतले नव्हते. त्यांचे सहकारी, न्यूरोसर्जन जेम्स वॉट्स यांनी या पद्धतीला विरोध केला आणि दोघांचे मार्ग वेगळे झाले. तरी ती पसरली. १९४९ मध्ये लोबोटॉमीचे मूळ प्रवर्तक एगास मोनीश यांना नोबेल मिळाले आणि तिला प्रतिष्ठाच लाभली. १९५२ च्या उन्हाळ्यात वेस्ट व्हर्जिनियाच्या मनोरुग्णालयांत फ्रीमन यांनी दोन आठवड्यांत दोनशेहून अधिक रुग्णांवर ही क्रिया केली. १९६० मध्ये हॉवर्ड डली या १२ वर्षांच्या मुलावरही ती झाली. मोठेपणी त्याने स्वतःची कहाणी जगापुढे मांडली. १९६७ मध्ये एका रुग्णाचा मेंदूतल्या रक्तस्रावाने मृत्यू झाला, तेव्हा कुठे फ्रीमन यांचा शस्त्रक्रियेचा अधिकार संपला.

खोबणीची वाट सोडली, तर आजची शस्त्रक्रिया आणि ती लोबोटॉमी यांत काहीच साम्य नाही, हे मी ठामपणे सांगते. आज प्रत्येक मिलिमीटर पडद्यावर दिसतो, मेंदू भोसकला जात नाही, आणि ज्या आजारासाठी आत जायचे तो स्कॅनमध्ये डोळ्यांनी पाहिलेला असतो. पण फ्रीमन यांना वीस वर्षे कुणी थांबवले नाही, त्याची कारणे हत्यारात नव्हती. ते झटपट काम करत, लोकांसमोर प्रात्यक्षिके करत, वर्तमानपत्रांत त्यांचे कौतुक होई. रुग्ण बरा झाला की नाही हे त्यांचे तेच ठरवत. ज्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली त्या मनोरुग्णांचे म्हणणे ऐकणारी कोणतीही यंत्रणा नव्हती. माझ्या विषयाच्या इतिहासातले हे पान मला अस्वस्थ करते, कारण यातली प्रत्येक गोष्ट आजही घडू शकते. परिषदेत थेट प्रक्षेपण होते, दुसऱ्या दिवशी बातमी येते, महिन्याभरात शेजारच्या शहरातले रुग्णालय जाहिरात करते. त्या रुग्णाची दृष्टी वर्षभराने किती होती, हे कुणी विचारत नाही.

डोळ्याच्या बाजूने पाहिले तर धोका कुठे आहे ते सांगते. डोळा बाजूला धरला की डोळ्यातला दाब वाढतो. दृष्टिपटलाला रक्त पुरवणारी धमनी बारीक आहे आणि तो पडदा रक्ताशिवाय दीड तासाच्या आसपासच तग धरतो. त्यामुळे शस्त्रक्रियेत दर काही मिनिटांनी डोळा सोडायला हवा, बाहुली तपासायला हवी. हे काम ड्रिलकडे नजर लावून बसलेल्या सर्जनकडून होणार नाही. त्यासाठी डोळ्याकडेच पाहणारा माणूस टेबलाशी हवा. वरच्या फटीतून डोळा फिरवणाऱ्या तीन नसा आणि कपाळाला संवेदना देणारी एक नस जाते. तिथे सोलताना त्या दुखावल्या तर दोन-दोन दिसू लागते, पापणी खाली येते, कपाळ बधिर होते. यातले बरेचसे काही आठवड्यांत सुधारते. पण ज्या बाईला जिना उतरताना दोन पायऱ्या दिसतात, तिला ‘तात्पुरते आहे’ या शब्दांनी भागत नाही. ते किती काळ, त्यासाठी कोणता उपाय, कोणाकडे यायचे, हे तिला आधीच माहीत असायला हवे. हाड फार काढले गेले तर डोळा आत ओढला जातो, किंवा मेंदूच्या ठोक्याबरोबर हलू लागतो. अशा रुग्णाचा चेहरा पुन्हा उभा करायचे काम शेवटी आमच्याच विभागाकडे येते. म्हणून सुरुवातीपासून आम्हाला तिथे उभे राहू द्या.

एका विभागाच्या हद्दीत दुसरा शिरल्याचे हे पहिले उदाहरण नाही. झुरिचचे रुडॉल्फ क्रोनलाइन यांनी १८८८ मध्ये खोबणीची बाहेरची भिंत उघडून तिच्यातल्या गाठी काढायची रीत घातली. १९४१ मध्ये बाल्टिमोरचे वॉल्टर डँडी खोबणीतल्या गाठींसाठी कवटी उघडून वरून खाली आले. आता आपण खालून वर जातो आहोत. प्रत्येक वेळी एका विभागाच्या हद्दीत दुसरा शिरला आणि रुग्णाचे भले झाले, ते दोघे एकमेकांशी बोलले म्हणूनच.

महाराष्ट्राने हे बोलणे अलीकडेच अनुभवले आहे. २०२१ च्या उन्हाळ्यात कोविडच्या दुसऱ्या लाटेमागोमाग म्युकरमायकोसिस आला. वाढलेली साखर, स्टिरॉइडचा बेसुमार वापर आणि नाकातून सायनसमध्ये, तिथून खोबणीत, खोबणीच्या टोकातून मेंदूत चढणारी ती बुरशी. मे महिन्यात तो नोंदणीसक्तीचा आजार म्हणून जाहीर झाला. देशात सर्वाधिक झळ बसलेल्या राज्यांत आपले राज्य होते. ॲम्फोटेरिसिन या औषधाच्या कुप्यांसाठी नातेवाईक एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात फिरत होते. जीव वाचवण्यासाठी आम्हाला पूर्ण खोबण रिकामी करावी लागली, अगदी तरुण माणसांचीसुद्धा. त्या महिन्यांत कान-नाक-घसा, नेत्र, न्यूरोसर्जरी, दंत आणि सूक्ष्मजीवशास्त्र या विभागांची माणसे एकाच एमआरआयसमोर एकत्र उभी राहत. आज कुणी, किती, कुठून काढायचे हे तिथेच ठरे. डोळा वाचेल की जाईल या प्रश्नावर आमचे वाद झाले, आणि त्या वादांमुळे काही डोळे वाचले. खोबण, सायनस आणि मेंदू यांच्या सीमेची शरीररचना जितकी त्या वर्षी आमच्या रेसिडेंटांना कळली, तितकी कुठल्याही पुस्तकातून कळली नसती. लाट ओसरली आणि विभाग आपापल्या मजल्यावर परतले. एकत्र कामाची ती सवय कुठल्या अभ्यासक्रमात उतरली नाही, याचे मला फार वाईट वाटते. तिला पुन्हा जागा देण्याची संधी या शस्त्रक्रियेच्या निमित्ताने आली आहे.

विद्यापीठ अनेक विषयांत फेलोशिप चालवते. कवटीचा तळ आणि खोबण यांची दुर्बिणीतून शस्त्रक्रिया अशी एक संयुक्त फेलोशिप सुरू करावी, आणि तिला न्यूरोसर्जन, कान-नाक-घसा तज्ज्ञ आणि ऑक्युलोप्लास्टी, म्हणजे पापण्या-खोबणीच्या शस्त्रक्रिया, शिकलेले नेत्रतज्ज्ञ असे तिघेही प्रवेश घेऊ शकतील, अशी माझी विनंती आहे. तिघे एकाच टेबलाशी शिकले की पुढे आपापल्या गावी गेल्यावरही एकमेकांना फोन करतात. दुर्बीण ही अडचण नाही. सायनसच्या शस्त्रक्रियेसाठी वापरतात तीच ४ मिलिमीटरची दुर्बीण इथे चालते आणि ती वैद्यकीय महाविद्यालयांत आहे. शस्त्रक्रियेत दिशा दाखवणारी नॅव्हिगेशन यंत्रणा आणि चांगला हाय-स्पीड ड्रिल यांसाठी पैसे लागतील. पण त्याहून मोठी गरज शिकण्यासाठी योग्य शरीरांची आहे. फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेल्या शरीरात खोबणीतली चरबी घट्ट होते, डोळा खचतो, तिथे ही वाट शिकताच येत नाही. ताजे गोठवलेले शरीर, किंवा ऑस्ट्रियातील ग्राझचे वॉल्टर थील यांनी १९९२ मध्ये मांडलेल्या पद्धतीने मऊ राखलेले शरीर लागते. महाराष्ट्रात देहदानाची चळवळ रुजलेली आहे. हजारो सामान्य माणसांनी डॉक्टर नीट शिकावेत म्हणून अर्ज भरून ठेवले आहेत. त्यांच्या देहाचा याहून चोख उपयोग मला सुचत नाही. विद्यापीठाने किमान एक अशी प्रयोगशाळा उभी करावी, आणि तिथे ठरावीक संख्येने पूर्ण टप्पे केल्याशिवाय कुणालाही जिवंत रुग्णाकडे जाऊ देऊ नये. पुढेही क्रम असावा. खोबणीच्या छताचे फ्रॅक्चर, गळू, तपासणीसाठी गाठीचा तुकडा, अशा कामांनी सुरुवात, मग स्फेनॉइडची मेनिंजिओमा, आणि मेकेल्स केव्ह सर्वांत शेवटी.

केंद्रे थोडीच असावीत. हे म्हणणे लोकप्रिय होणार नाही, हे मी जाणते. प्रत्येक महाविद्यालयाला ही सोय आपल्याकडे हवीशी वाटेल. पण हा आजार रोज येणारा नाही. दहा ठिकाणी विखुरला तर कुणाचाच हात बसणार नाही. मुंबई-पुण्याकडे एक, विदर्भ-मराठवाड्यासाठी एक, एवढ्यावर सुरुवात व्हावी. गडचिरोली किंवा नंदुरबारच्या रुग्णाला तिथवर येण्याचा आणि राहण्याचा खर्च शासनाने द्यावा, आणि नंतरची डोळ्यांची तपासणी त्याच्या जिल्हा रुग्णालयात व्हावी.

त्या तपासणीची नोंद हा माझ्या पत्राचा गाभा आहे. शस्त्रक्रियेआधी, तीन महिन्यांनी आणि वर्षाने या बाबी नोंदवाव्यात : दृष्टी किती, रंग कसे दिसतात, दृष्टीचे क्षेत्र किती, डोळा किती मिलिमीटर पुढे आहे, पापणी किती उघडते, दोन दिसते का, कपाळ-गाल बधिर आहे का, गाठ किती उरली. मोजणारी व्यक्ती शस्त्रक्रियेत सहभागी नसावी. मृत्यू, अंधत्व, पाणी झिरपणे, मध्येच कवटी उघडावी लागणे, हे सारे त्यात यावे. रुग्णाची ओळख झाकून या नोंदी दरवर्षी केंद्राच्या नावासह विद्यापीठाने प्रसिद्ध कराव्यात. एखाद्या केंद्राचे निकाल वाईट निघाले तर त्याची बदनामी होईल, अशी भीती सहकाऱ्यांनी बोलून दाखवली आहे. मला ती समजते. पण रुग्ण स्वतःचा डोळा आपल्या हवाली करतो, तेव्हा आपले आकडे त्याच्यापासून लपवण्याचा अधिकार आपल्याकडे उरत नाही.

संमतीपत्र मराठीत असावे, आकृतीसह असावे, आणि शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री नव्हे तर काही दिवस आधी हाती द्यावे. गाठ सावकाश वाढते आहे आणि दृष्टी शाबूत आहे, तर काही काळ नुसते लक्ष ठेवणे हाही पर्याय असतो, हे त्यात लिहिलेले असावे. कवटी उघडून करायची जुनी पद्धत आणि किरणोपचार यांचे फायदे-तोटे असावेत. नसांना आणि धमन्यांना चिकटलेला गाठीचा भाग मुद्दाम ठेवला जाऊ शकतो, हेही असावे. आणि ‘आमच्या केंद्रात अशा किती शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यांचे काय झाले’ या प्रश्नाचे उत्तर छापील असावे, म्हणजे ते विचारायला रुग्णाला संकोच वाटणार नाही. आपल्याकडे खेड्यातून आलेला माणूस डॉक्टरांना प्रश्न विचारत नाही. ‘तुम्ही म्हणाल तसं’ एवढेच म्हणतो. त्या विश्वासाला लेखी उत्तर द्यायला हवे.

आपण अभ्यासक्रमासाठी समिती नेमाल, तेव्हा तीत तिन्ही विभागांची माणसे आणि अशी शस्त्रक्रिया झालेली किमान एक व्यक्ती असावी. पापणीची घडी कुठे उघडायची, तिला उचलणारा स्नायू कसा ओळखायचा, डोळा किती वेळ धरायचा आणि केव्हा सोडायचा, हे शिकवण्यासाठी मी आणि माझ्या विषयातले माझे सहकारी प्रयोगशाळेत विनामोबदला उभे राहायला तयार आहोत. आपण तारीख कळवावी.

आपली नम्र,
विद्यापीठाची एक माजी विद्यार्थिनी व नेत्रशल्यचिकित्सक